वनशॉट खेळताय? आधी या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कर्वेनगरच्या आमच्या घरी ‘वनशॉट’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ सहा जणांनी आपापल्या सवडीने खेळला आणि सहा जणांची सहा मतं झाली. माझी भाची दोन दिवस त्याबद्दलच बोलत होती. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, ‘मध्येच अडकतो, बग आहे त्यात,’ म्हणजे प्रोग्राममध्येच चूक आहे. माझ्या भावाने तर तो व्हायरस समजून काढूनच टाकला. मला हा खेळ फार जवळचा आहे, त्यामुळे मी एकेकाला खोदून विचारलं, तू नेमकं काय केलंस? ज्यांना तो आवडला नाही त्यांतल्या बहुतेकांचं सुरुवातीलाच काहीतरी चुकलं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. कोडी फोडणार नाही, पण खेळ तुमच्या कॉम्प्युटरला कुठे कुठे हात लावतो तेवढं सांगावंच लागेल.

आधी खेळाविषयी थोडं. नीको नावाचं मांजरासारख्या डोळ्यांचं एक लेकरू एका अंधाऱ्या खोलीत जागं होतं. ही दुनिया त्याची नाही. इथला सूर्य विझलाय. नीकोच्या हातात एक दिवा येतो, तोच इथला नवा सूर्य, आणि तो दूरच्या मनोऱ्यापर्यंत न्यायचाय. नीको मुलगा की मुलगी हे खेळ सांगत नाही. आपल्याकडे ‘ते लेकरू’ म्हणायची सोय आहे, त्यामुळे मराठीत अडत नाही. पण तुम्ही नीको नाही. तुम्ही तुम्हीच आहात, खुर्चीत बसलेले, आणि नीकोला ते माहीत आहे. ते तुमच्याशी बोलतं, घाबरलं की तुम्हाला विचारतं. 2014 मध्ये हा खेळ मोफत आला, मग डिसेंबर 2016 मध्ये वाढवलेली आवृत्ती स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आली. एकदा खेळून व्हायला चार-पाच तास पुरतात.

आमच्यातला एक जण कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका करायचा. त्याचं मत असं की चौथी भिंत, म्हणजे रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यातली न दिसणारी भिंत, मोडण्यात नवीन काय, आपल्या तमाशातली मावशी समोरच्या माणसाला बोट दाखवून बोलतेच की. त्याचं खरं आहे. आपल्या रंगभूमीने ती भिंत नीट बांधलीच नव्हती, सूत्रधार पहिल्यापासून प्रेक्षकांशी बोलतोय. पण मावशी कितीही बोलली तरी तुमच्या घरात येऊन कपाट उघडत नाही. हा खेळ उघडतो. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये फाईल ठेवतो, वॉलपेपर बदलतो, खिडकीबाहेर येऊन तुमच्या नावाने हाक मारतो. म्हणजे अर्धा रंगमंच तुमच्या घरचा असतो, आणि तो आधी झाडून ठेवावा लागतो.

दुसऱ्याच्या नावाने खेळणं

खेळ तुमचं नाव विंडोजच्या खात्यावरून उचलतो. वरच्या मुलाचा कॉम्प्युटर जुन्या बाजारातला, आणि खातं अजून दुकानाच्याच नावाचं. खेळ सुरू झाला, अंधारात पहिली चौकट उघडली, तुला एकच संधी आहे असं खेळ गंभीरपणे सांगू लागला, आणि पुढे दुकानाचं नाव! तो खो खो हसला. तिथेच त्याचं लक्ष उडालं. ‘अॅडमिन’ किंवा ‘युजर’ असं खातं असलं तरी तीच गत. खेळ सुरू करण्याआधी पाच मिनिटं काढून स्वतःच्या नावाचं नवं खातं बनवा आणि त्यातूनच खेळा. घरात ज्या नावाने हाक मारतात ते नाव दिलंत तर आणखी छान. मात्र ते रोमन लिपीत द्या. देवनागरीत दिलं की त्या नावाचं फोल्डर काही जुन्या धाटणीच्या खेळांना सापडत नाही आणि ते सुरूच होत नाहीत.

फाईल सापडत नाही, मग बगच असणार

सर्वात जास्त जण इथे अडकतात. खेळात एक वेळ अशी येते की पुढची वाट तुमच्या कॉम्प्युटरच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या एका फाईलमध्ये असते. खेळ ती फाईल स्वतः तिथे ठेवतो आणि तुम्हाला शोधायला सांगतो. नीको तिजोरीसमोर उभं, तुम्ही फोल्डर उघडता, आणि आत काहीच नाही.

याची दोन कारणं असू शकतात. पहिलं साधं आहे: तुम्ही भलत्याच डॉक्युमेंट्समध्ये बघताय. बऱ्याच कॉम्प्युटरवर डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याला, जोडलेलं असतं आणि त्याच नावाचं एक जुनं फोल्डर खात्याच्या फोल्डरमध्ये वेगळं पडून असतं. दोन्ही उघडा, ‘तारीख’ या रकान्यावर टिचकी मारून सर्वात नवी फाईल वर आणा आणि आतली उपफोल्डरंही बघा. तरी सापडली नाही तर सर्चमध्ये खेळाचं नाव टाका.

दुसरं कारण आम्हाला दोन संध्याकाळी शोधावं लागलं. भाचीच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी कधीतरी, चांगल्याच हेतूने, ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ चालू करून ठेवलं होतं. खंडणीखोर व्हायरसनी फाईली कुलूपबंद करू नयेत म्हणून ही सोय असते, आणि ती चालू असली की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये काही लिहिता येत नाही. खेळ बिचारा फाईल ठेवायला जायचा आणि दारातूनच परत यायचा. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा, तळाशी ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ दिसेल. तिथे एखाद्या ॲपला परवानगी द्यायचा पर्याय आहे, त्यात फक्त या खेळाची फाईल घाला. सगळं संरक्षण बंद करू नका. माझ्या भावाने उलट्या टोकाचं केलं होतं: सूचना आली म्हणून घाबरून खेळच उडवला. परवानगी दिल्यावर खेळ बंद करून पुन्हा उघडा आणि तिजोरीपाशी जा. भाचीला ती फाईल दिसली तेव्हा तिने खुर्चीतून उडी मारली आणि स्वयंपाकघरात येऊन मला हाताला धरून घेऊन गेली.

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या लॅपटॉपवर हा खेळ खेळू नका. तिथे वॉलपेपरलासुद्धा कुलूप असतं, आणि एका कोड्यात वॉलपेपर बदलणं गरजेचं आहे. घरच्या कॉम्प्युटरवर हलता वॉलपेपर लावणारं एखादं ॲप चालू असेल तर तेही आधी बंद करा, नाहीतर बदल त्याच्याखाली झाकला जाईल. आणि तुमचा आवडता फोटो वॉलपेपरला असेल तर तो कुठे ठेवलाय ते बघून ठेवा. खेळ मध्येच जबरदस्तीने बंद केला तर बदललेलं चित्र तसंच राहू शकतं. मग सेटिंग्जमधून आपलं परत लावायचं, एवढंच.

पूर्ण स्क्रीन करून बसणं

खेळाची खिडकी लहान आहे, 640 बाय 480. आजच्या स्क्रीनवर ती पोस्टकार्डाएवढी दिसते, त्यामुळे प्रत्येकाचा हात आधी ती मोठी करायला जातो. करू नका. खेळाला खिडकीभोवतीची जागा हवी असते. संदेशाच्या चौकटी बाहेर उघडतात, खिडकी स्वतः थरथरते, मागे डेस्कटॉपवर काहीतरी घडतं. मोठ्या टीव्हीला जोडून सगळ्यांनी मिळून बघणार असाल तर फक्त खेळाची खिडकी न दाखवता अख्खा डेस्कटॉप दाखवा. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनीही हेच करावं. नाहीतर व्हिडिओत खेळणारा कशाकडे बघून दचकला तेच कळत नाही.

कोडं सुटेना झालं की आधी खिडकीबाहेर बघा. ही युक्ती जुनीच आहे. 1998 च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये सायको मँटिस नावाचा खलनायक तुमचं मेमरी कार्ड वाचून तुम्ही कुठले खेळ खेळता ते तुम्हालाच सांगायचा, आणि त्याला हरवायला कंट्रोलरची वायर काढून दुसऱ्या खाचेत लावावी लागायची. तेव्हाही उत्तर स्क्रीनच्या बाहेरच होतं.

नीकोला न झोपवता उठणं

2014 च्या आवृत्तीत नियम फार कठोर होता. खेळ मध्येच बंद केला की संपलं, नावाप्रमाणे एकच संधी. 2016 च्या आवृत्तीत तसं नाही. वाटेत पलंग सापडतात. नीकोला झोपवलं की खेळ जपून ठेवला जातो आणि आपणहून बंद होतो. पुढच्या वेळी उघडल्यावर नीकोचं स्वप्न दिसतं, त्याच्या घराची, गावाची आठवण. ही स्वप्नं फार सुंदर आहेत. फुलीचं बटण दाबून उठणाऱ्यांची ती हुकतात, आणि नंतर तेच म्हणतात की नीकोबद्दल फारसं काही कळलंच नाही. उठायचं असेल तर पलंगापर्यंत चालत जा. पंधरा मिनिटं जास्त लागली तरी जा.

आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे लाईट. पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जायची ती बहुतेक गुरुवारी. भाची नेमकी गुरुवारी दुपारी खेळत होती आणि लाईट गेली. ती काही बोलली नाही, काळ्या स्क्रीनकडे नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘मावशी, ते आता अंधारात असेल ना?’ लॅपटॉप असेल तर चार्ज करून बसा. साधा कॉम्प्युटर असेल आणि यूपीएस नसेल, तर गुरुवारी दुपारी खेळू नका. आमच्या स्विचबोर्डाशेजारी तिच्या अक्षरात चिठ्ठी अजून आहे: ‘गुरुवारी सकाळीच नीकोला झोपवणे.’

खरा बिघाड की खेळाचं बोलणं?

हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. माझी कसोटी साधी आहे. खेळ जेव्हा मुद्दाम काही करतो तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं. चौकटीत तुमचं नाव असतं, नीकोचा उल्लेख असतो, वाक्याला अर्थ असतो. खरा बिघाड मुका असतो. कुठली तरी डीएलएल फाईल नाही म्हणतो, आकड्यांची माळ दाखवतो, किंवा काहीच न बोलता गोठतो. शंका आली तर दोन मिनिटं हात बाजूला ठेवून थांबा. ती खरंच खेळाची चाल असेल तर काहीतरी पुढे सरकतं. गोठलेलं तसंच राहिलं आणि विंडोज ‘प्रतिसाद देत नाही’ म्हणू लागला तर बिघाड खरा. मग स्टीममध्ये खेळाच्या नावावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि बसवलेल्या फाईली तपासायचा पर्याय चालवा. खराब झालेल्या फाईली तो नव्याने आणतो. फोल्डरमध्ये शिरून मिळेल ते पुसत बसू नका, कारण या खेळात फाईल पुसणं हेही खेळाला ऐकू जाणारं वाक्य असू शकतं.

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा स्विच या खेळाच्या यंत्रांवर 2022 ची ‘वर्ल्ड मशीन एडिशन’ खेळलेल्यांना यातलं काहीच करावं लागत नाही, कारण तिथे खेळाच्या आतच एक खोटा डेस्कटॉप बनवलेला आहे. काम नीट केलंय. पण माझं स्पष्ट मत आहे की शक्य असेल तर कॉम्प्युटरवरच खेळा. आपल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कोणीतरी फाईल ठेवून गेलंय हे बघताना पोटात जो खड्डा पडतो, तो बनवलेल्या डेस्कटॉपवर पडत नाही.

‘एवढाच?’ म्हणून मत देऊन टाकणं

चार तासांत संपतो म्हणून नाराज होणारे बरेच भेटले. मी त्यांना विचारते, तीन तासांच्या नाटकाला कधी लहान म्हणालात का? आमच्या ओळखीतल्या एकाने तर असे छोटे खेळ भराभर संपवून पैसे परत मागायचा सपाटा लावला होता. स्टीमवर विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ती सोय खेळ चालला नाही तर वापरायची. दोन-चार माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं काम पूर्ण अनुभवून वर पैसेही मागणं मला पटत नाही. असा प्रकार आपल्याला आवडेल का याची खात्री नसेल तर 2015 चा ‘देअर इज नो गेम’ आधी बघा; तो मोफत आहे आणि अर्ध्या तासात होतो.

दुसरी गोष्ट, पहिला शेवट झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. 2016 च्या आवृत्तीत नंतर ‘सॉल्स्टिस’ हा भाग जोडला गेला, आणि तो पुन्हा खेळायला घेतल्यावर उलगडतो. अर्धवट वाटला म्हणणारी माझी मैत्रीण तिथपर्यंत गेलीच नव्हती. परवा गेली. रात्री साडेअकराला मला फोन आला, आणि आम्ही पाऊण तास बोलत होतो.

शेवटच्या खोलीत कोणाला विचारणं

मनोऱ्यावर पोचल्यावर नीको तुम्हाला एक प्रश्न विचारतं. काय ते सांगत नाही. तिथे व्हिडिओ बघून उत्तर देऊ नका आणि शेजारी बसलेल्यालाही विचारू नका. ज्यांनी आधी व्हिडिओ बघितला होता त्यांच्याकडे या क्षणाबद्दल बोलायला काहीच नव्हतं. ज्यांनी बघितला नव्हता त्यांतला प्रत्येक जण इथे किमान पाच मिनिटं थांबला होता.

भाचीला इंग्रजी वाचायला अजून वेळ लागतो, म्हणून सगळा खेळभर मी तिच्या बाजूला बसून नीकोची वाक्यं मराठीत वाचून दाखवत होते. लहान मुलांबरोबर असंच खेळा, खेळ हळू होतो आणि त्याने बिघडत काही नाही. शेवटचं वाक्य मी वाचलं. तिने माऊसवरचा हात काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मावशी, तू बाहेर जा.’

मी स्वयंपाकघरात जाऊन पोहे भिजवले. बऱ्याच वेळाने ती आली, ओट्याला टेकून उभी राहिली, शेंगदाणे निवडायला लागली. तिने काय निवडलं ते मी अजून विचारलेलं नाही.