साथीचा खर्च सरकारकडून परत मिळवताना

नगरपरिषदेचा प्रतिपूर्तीचा प्रस्ताव फेटाळला जातो तो बहुतेक वेळा खर्च चुकीचा होता म्हणून नव्हे, तर खर्चाच्या दिवशीचा कागद नाही म्हणून.

आधी हेड, म्हणजे पैसे कोणत्या निधीतून मागायचे ते, बघा. साथीचा रोग राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत नाही. केंद्राने १४ मार्च २०२० रोजी खास पत्र काढून कोविडला त्या निधीपुरतं अधिसूचित आपत्ती मानलं, म्हणून ते पैसे मिळाले. तेही सुरुवातीला दोनच गोष्टींसाठी: एकीकडे विलगीकरण, नमुने, तपासणी, दुसरीकडे उपकरणं, प्रयोगशाळा. पहिल्यावर वार्षिक निधीच्या २५ टक्क्यांची मर्यादा, दुसऱ्यावर १० टक्क्यांची. सप्टेंबर २०२० मध्ये दोन्ही मिळून ३५ टक्क्यांची मर्यादा ५० टक्के झाली. डेंगीची साथ आली तर हाच दरवाजा आपोआप उघडेल असं धरून चालू नका.

मग खरेदी. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५० प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी, तातडीच्या खरेदीला परवानगी देऊ शकतं. निविदेची अट त्यात शिथिल होते. हा आदेश खरेदीच्या आधीच्या तारखेचा हवा. ‘कार्योत्तर मंजुरी घेऊ’ म्हणून ऑर्डर दिली की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच. निविदा माफ झाली तरी दराचा आधार लागतोच: तीन ठिकाणचे दर मागवून तुलनात्मक तक्ता फाइलला लावा. त्याच कलमात नियंत्रक अधिकाऱ्याचं वापराचं प्रमाणपत्र वैध प्रमाणक (व्हाउचर) मानलं आहे, पण त्या अधिकाऱ्याला प्राधिकरणाने प्राधिकृत केलेलं असायला हवं.

बरीच रक्कम कापली जाते जेवणावर. समजा, विलगीकरण केंद्रात सकाळी ४२ जण होते, दुपारी ९ घरी गेले आणि संध्याकाळी ५ नवे आले. रात्रीची ताटं ३८. ठेकेदाराचं बिल मात्र दिवसभर ४२ दराने येतं. म्हणून रोज तीन वेळा, जेवण वाढण्याआधी, डोकी मोजून नोंदवहीत लिहा. केंद्रप्रमुखाची सही तिथल्या तिथे घ्या. दाखल-सुटी नोंदवही आणि जेवणाची नोंदवही एकमेकींशी जुळली नाही, तर फरकाची रक्कम तुमच्याच फंडावर बसते.

करार अडीच लाखांच्या वर (कर वगळून) असेल तर २ टक्के जीएसटी टीडीएस (बिल देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापा. सरकारकडे मागणी कपातीआधीच्या पूर्ण रकमेची करा आणि कपातीची चलनं जोडा. फक्त ठेकेदाराच्या हातात पडलेली रक्कम मागितली तर कपातीचे पैसे बुडाले.

एकच बिल दोनदा मागू नका. राष्ट्रीय आरोग्य अभियान किंवा वित्त आयोगाच्या निधीतून काही दिलं असेल तर प्रमाणकावरच ‘अमुक निधीतून अदा’ असा शिक्का मारा. वेगळा तक्ता करून भागत नाही, तो फाइलमधून हमखास गळतो.

प्रस्ताव गोषवाऱ्यासह जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. बिल क्रमांक, तारीख, पुरवठादार, रक्कम, आदेशाचा जावक क्रमांक, असे रकाने ठेवा. पैसे आल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ते ठरलेल्या कामालाच वापरल्याचा दाखला, द्या. उरलेल्या खाटा आणि ऑक्सिमीटर जड वस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) चढवलेत का, हे त्याच दिवशी तपासा. लेखापरीक्षक ती वही आधी मागतो.