बोलायला उभं राहण्याआधी: माझा अकरा ओळींचा कागद

वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन होतं आणि चौथ्या मिनिटाला माझी बोबडी वळली. पुढचं वाक्यच सापडेना. समोर चाळीसेक माणसं होती. मी दोनदा 'तर' म्हटलं, मग स्लाइडवरचं जसंच्या तसं वाचत सुटले आणि नवव्या मिनिटाला आभार मानून खाली बसले. नंतर एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, "तयारी केली नव्हतीस का गं?" मी म्हटलं, केली होती की, पंधरा वेळा वाचलं होतं. त्या म्हणाल्या, "वाचलंस ना. बोलून कुठे पाहिलंस?"

हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत 'मला बोलता येत नाही' हे वाक्य ढालीसारखं पुढे धरून मी अशी कामं दुसऱ्यांवर ढकलली. तुमचंही असंच काही झालं असेल, तर आधी अपयशाचा पंचनामा करा. त्याच रात्री, आठवणीवर लाजेचा थर चढण्याआधी. कागदावर फक्त घडलं ते लिहायचं. 'मी घाबरट आहे' हे लिहायचं नाही, त्याचं काही करता येत नाही. 'तिसऱ्या स्लाइडवरून चौथीवर जाताना जोडणारं वाक्य तयार नव्हतं' हे लिहायचं, कारण ते वाक्य उद्या तयार करता येतं. माझ्या पंचनाम्यात सात गोष्टी निघाल्या. त्यातल्या पाच माझ्या हातातल्या होत्या. प्रोजेक्टर उशिरा सुरू झाला ही सहावी, आणि पहिल्या रांगेतला एक जण सतत फोन बघत होता ही सातवी. या दोन्ही मी खोडून टाकल्या.

आता तयारी. सगळ्यात मोठी फसगत इथेच होते, म्हणून जरा थांबून सांगते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. मला खरी बोचली ती पुढची गोष्ट: आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच वाटत होती. म्हणजे वाचून आत्मविश्वास वाढतो खरा, पण तो खोटं नाणं असतो. माझे पंधरा वेळा वाचलेले कागद हेच होते.

म्हणून मजकूर एकदा वाचा आणि पालथा घाला. कोऱ्या कागदावर फक्त मुद्दे आठवून लिहा. जो सुटला, तो तुम्हाला येत नाही. तो बघा, पुन्हा पालथा घाला. दुसऱ्या दिवशी परत तेच करा, मग दोन दिवसांची फट ठेवून एकदा. एका रात्रीत दहा वेळा करून तेवढं हाती लागत नाही.

मुद्दे बसले की तालीम. उभं राहून, मोठ्या आवाजात, घड्याळ लावून. मनातल्या मनात केलेली तालीम मी धरत नाही. मनात आपण सगळेच फर्डे वक्ते असतो. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक तोंडपाठ करा, बाकीचं अजिबात पाठ करू नका. पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द निसटला की मागचे सगळे डबे घसरतात.

निदान दोन तालमींत मुद्दाम अडखळा. घरातल्या कोणाला तरी मध्येच आडवा प्रश्न विचारायला सांगा. माझी भाची हे काम मनापासून करते, तिला सांगावंही लागत नाही. मग थांबायचं, श्वास सोडायचा, "आपण इथे होतो" म्हणत मुद्द्यावर परत यायचं. मला सर्वाधिक उपयोग याचाच झाला. अडखळण्याची भीती गेली नाही, पण अडखळल्यावर काय करायचं ते माहीत झालं.

धडधडीचं म्हणाल तर ती असू द्या. आत घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब ठेवला की थोडी उतरते, एवढं पुरे.

आता तो कागद. 30 ऑक्टोबर 1935 रोजी बोइंगचं मॉडेल 299 हे नवं विमान चाचणीत उड्डाण करताच कोसळलं. चालवणारे नवशिके नव्हते. जमिनीवर असताना विमानाच्या शेपटीची नियंत्रणं वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी तपासणी-यादी आली आणि हेच विमान पुढे बी-17 म्हणून हजारोंनी बनलं. वैमानिकांच्या हुशारीवर कोणी शंका घेतली नाही, फक्त विसरण्याची जबाबदारी कागदावर टाकली. मीही तेच केलं. पंचनाम्यातल्या माझ्या हातातल्या पाच चुकांच्या पाच ओळी केल्या. 'चौथ्या स्लाइडचं जोडवाक्य.' 'आकडे वेगळ्या चिठ्ठीवर.' अशा. प्रत्येक फजितीनंतर जास्तीत जास्त एक ओळ वाढवायची, आणि उभं राहण्याआधी अर्धा तास सगळी यादी वाचायची.

सुरुवात मात्र चाळीस माणसांपासून करू नका. मी तिघांसमोरच्या पाच मिनिटांपासून केली, मग आठ जणांची बैठक. चाळिसांपर्यंत पोचायला सात महिने गेले. मधल्या एका बैठकीत पुन्हा गाडी अडली, पण या वेळी मी परत मुद्द्यावर आले आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या रात्री मी कागदावर काहीच लिहिलं नाही.

सध्या यादीत अकरा ओळी आहेत. अकरावी गेल्या महिन्यातली: 'पाण्याच्या बाटलीचं झाकण आधीच सैल करून ठेव.' फार घट्ट होतं ते.