गायनेकोमास्टियाची शस्त्रक्रिया: छाती पूर्ववत होताना या चुका टाळा

पुरुषांची वाढलेली छाती कमी करण्याची शस्त्रक्रिया साधारणपणे एक-दोन तासांत उरकते, रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जातो आणि बहुधा त्यामुळेच काम संपले असा घरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात छातीचा आकार ठरण्याचे काम त्यानंतर कित्येक महिने त्वचेखाली चालू असते. म्हापशातल्या एका ड्रेसिंगच्या खोलीत टाके काढताना आणि पट्ट्या बदलताना मी त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता त्या एकदा लिहून काढलेल्या बऱ्या. पहिल्या तीन महिन्यांत आरशात दिसते ती बहुतांशी सूज असते. तिच्यावरून निकाल देऊ नये आणि तिच्यावर स्वतःच्या मनाने उपाय तर मुळीच करू नयेत, एवढेच मला सांगायचे आहे.

सर्वांत जास्त त्रास देणारी चूक म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्तनाग्राच्या मागे बोट लावून ‘गाठ परत आली’ असे ठरवणे. या शस्त्रक्रियेत बहुधा आधी लायपोसक्शनने चरबी काढतात आणि मग स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेला अर्धगोल छेद देऊन मागची घट्ट ग्रंथी काढतात. ग्रंथी काढताना सर्जन वर्तुळाच्या मागे एक पातळ थर मुद्दाम ठेवतो, कारण सगळेच खरवडून काढले तर स्तनाग्र आत ओढले जाऊन तिथे बशीसारखा खळगा पडतो. म्हणजे बोटाला काहीतरी लागणारच. त्यात, रिकाम्या झालेल्या जागेत शरीर व्रणाची ऊती तयार करते आणि ती तिसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास चांगलीच कडक लागते. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. ही कडक जागा पुढे तीन ते सहा महिन्यांत मऊ होत जाते आणि काहींना त्याहून जास्त, अगदी वर्षभराचाही वेळ लागतो. डावी-उजवी बाजू सारख्या वेगाने कधीच उतरत नाहीत, तेव्हा दोन्हींची रोज तुलना करण्यात काही अर्थ नाही.

डिचोलीकडच्या एका तरुणाने मात्र ही गाठ ‘विरघळवायची’ असे मनावर घेतले. कुठल्याशा व्हिडिओत शेकाने गाठ मोकळी होते असे त्याने पाहिले होते आणि रोज रात्री वेस्ट, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर घालायचे दाब देणारे बनियन, काढून तो गरम पाण्याची पिशवी छातीवर ठेवून पडत असे. त्याच्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी की या शस्त्रक्रियेनंतर त्वचेतील बारीक नसा दुखावल्यामुळे स्तनाग्राभोवतीचा भाग काही आठवडे, कधी कित्येक महिने बधिर असतो. जिथे संवेदनाच नाही तिथे चटका कळणार कसा? तो आला तेव्हा टाक्याची रेघ सुरेख भरलेली होती आणि तिच्या वरच्या बाजूला पाण्याने टरारलेला मोठा फोड होता. त्याची आई सोबत होती. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, “ब्रदर, पिशवी मी टॉवेलात गुंडाळूनच देत होते हो.” देत असेल, पण टॉवेल केव्हाच घसरला होता आणि चिरंजीव झोपी गेले होते. भाजलेली जागा भरायला शस्त्रक्रियेच्या जखमेपेक्षा जास्त वेळ लागला आणि तिथे कातडीचा रंग बदलला तो बदललाच. गाठ तिच्या वेळेने मऊ झाली. ती शेक न देताही झाली असती. बर्फाचेही तेच: बधिर कातडीवर बर्फाचा खडा थेट ठेवला तर तीही भाजते.

मालिश करायचीच असेल तर जखम पूर्ण मिटल्यावर आणि सर्जनने होकार दिल्यावर करावी. बहुतेकांना तो चौथ्या आठवड्याच्या आसपास मिळतो. मी रुग्णांना साधे मॉइश्चरायझर लावून दोन बोटांच्या पेरांनी, हलक्या दाबाने, गोल फिरवत काही मिनिटे मालिश करायला दाखवतो. खोबरेल तेल कोमट करून अंगठ्याने रगडणारे ओळखीचे मालिशवाले गावोगावी आहेत. त्यांना कंबरेसाठी बोलवावे, छातीसाठी नको. आणि रोज आरशासमोर उभे राहण्याऐवजी महिन्यातून एकदाच, त्याच भिंतीसमोर, त्याच खिडकीच्या उजेडात, हात खाली सोडून फोटो काढावा. महिन्याच्या अंतराने दोन फोटो शेजारी ठेवले की फरक दिसतो. सकाळ-संध्याकाळ पाहिले तर फक्त सुजेची चढ-उतार दिसते.

याचा अर्थ प्रत्येक फुगवटा दुर्लक्षावा असा नव्हे. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक ताणून फुगली, निळसर झाली आणि वेदना वाढत चालल्या तर आत रक्त साठत असण्याची शक्यता असते. अशा वेळी रात्रीचे कितीही वाजलेले असोत, नात्यातल्या डॉक्टरला फोटो पाठवत न बसता शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयात जावे. नंतरच्या दिवसांत दाबल्यावर पाण्यासारखा हलणारा मऊ फुगवटा आला तर तो बहुधा सेरोमा, म्हणजे साठलेला द्रव असतो. तो सुईने काढतात आणि कधी पुन्हा काढावा लागतो. ताप, पसरत जाणारी लाली, पू ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी दाखवावे.

दुसरी चूक वेस्टची. छातीला सर्व बाजूंनी सारखा दाब देणारे हे बनियन साधारणपणे चार ते सहा आठवडे घालायचे असते, त्यातले पहिले दोन-तीन आठवडे आंघोळ सोडून दिवसरात्र. गोव्यात ते जड जाते, हे मला मान्य आहे. मे महिन्यात घामाने अंगाला चिकटते आणि पावसाळ्यात धुतलेले वाळत नाही. पण त्यावर लोक जे उपाय काढतात ते मूळ दुखण्याहून वाईट. एकच वेस्ट घेतलेला माणूस ओलसर वेस्ट तसाच चढवतो आणि पंधरा दिवसांत काखेखाली गजकर्ण घेऊन येतो. कोणी त्याऐवजी जिमचा घट्ट टी-शर्ट घालतो. कोणी लवकर आकार यावा म्हणून दोन मापे लहान वेस्ट आणून त्यात स्वतःला कोंबतो आणि मग हाताला मुंग्या येतात म्हणून तक्रार करतो. घरच्याने गुंडाळलेले क्रेप बँडेज दुपारपर्यंत पोटावर उतरलेले असते. वेस्ट दोन असावेत, एक अंगावर आणि एक पंख्याखाली. घातल्यावर आरशात पाहून चुण्या हाताने सपाट कराव्यात, कारण सुजलेल्या भागावर दिवसेंदिवस एकाच जागी दाबलेली चुणी कातडीवर आडवी खाच उमटवते आणि ती जायला बराच काळ लागतो.

वेस्ट इमानाने घातला म्हणजे हात मोकळे झाले, हाही एक गैरसमज आहे. सुट्टीला सुट्टी जोडण्याच्या हिशेबाने चतुर्थीच्या तोंडावर शस्त्रक्रिया करून घेणारे दरवर्षी असतात. त्यांतला एक जण दुसऱ्या आठवड्यात स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधत होता. नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंजणे असे सगळे डोक्याच्या वर हात करून बांधायचे, आणि वर ‘मी काही जड उचलले नाही’ असे मला पटवून द्यायचे. खांद्याच्या वर हात ताणले की छातीचा स्नायू आणि त्यावर नुकती चिकटू लागलेली कातडी एकमेकांवर घासतात. त्याच्या उजव्या बाजूला पाणी साठले आणि ते एकदा काढून भागले नाही. “मग माटोळी बांधायची कोणी?” असे त्याच्या काकांनी मला जरा रागानेच विचारले. काका स्वतः धडधाकट होते.

बाकीच्या चुकांना फार जागा देण्याचे कारण नाही. चालणे पहिल्या दिवसापासून करावे, पण छातीचा व्यायाम आणि वजने सर्जनने सांगितल्याशिवाय नकोत, आणि ती परवानगी सहसा चार ते सहा आठवड्यांच्या आत मिळत नाही. स्कूटर काही दिवस घरीच राहू द्यावी. खड्ड्यात हँडल सावरताना बसणारा हिसका थेट छातीला बसतो. जखमा पूर्ण मिटेपर्यंत समुद्र, तलाव, स्विमिंग पूल काहीच नको, आणि सांजांव या गोव्यातल्या सणाला विहिरीत मारतात ती उडी तर नकोच. सिगारेट शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे बंद हवी, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि स्तनाग्राला रक्त कमी पडते. ‘दिवसाला दोनच ओढतो’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही. टाक्याच्या रेघेवर जखम मिटल्यावर सिलिकॉन जेल लावावे आणि वर्षभर तिला ऊन दाखवू नये.

ज्यांची छाती खूप वाढलेली होती त्यांची सैल कातडी आवळायला सहा महिने ते वर्ष जाते आणि ती सगळी आवळेलच असे नाही. काहींना जादा कातडी काढण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते. पण ते तिसऱ्या महिन्यात ठरवता येत नाही आणि बहुतेक सर्जन सहा महिन्यांच्या आत पुन्हा हात लावत नाहीत. या काळात वजन वाढले तर छातीवर चरबी पुन्हा जमते. जिममध्ये मिळालेली स्टिरॉइडची इंजेक्शने पुन्हा सुरू केली तर उरलेली ग्रंथीही वाढू शकते, आणि त्याचा दोष सर्जनच्या माथी मारायला हे वीर सर्वांत पुढे असतात. स्पिरोनोलॅक्टोनसारख्या काही औषधांनीही छाती वाढते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सर्जनला द्यावी. गोळी मात्र ज्याने दिली त्याला विचारल्याशिवाय बंद करू नये. काढलेली ग्रंथी सहसा पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवतात. पुरुषांमध्ये स्तनाचा कर्करोग दुर्मीळ असला तरी होतो, एवढ्यासाठी तरी तो अहवाल स्वतः येऊन घ्यावा आणि फाइलमध्ये लावावा. पुढे कधी पुन्हा शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर नवा सर्जन जुन्या फोटोंबरोबर तोच कागद मागतो.