मोठा आरसी (रिमोटवर चालणारा मॉडेल) ट्रक बांधताय? केबिनच्या आधी चासी चालवा, आणि या चुका टाळा

नव्या पोरांचा ट्रक नेहमी केबिनपासून सुरू होतो. सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) कापला, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवलं, गोंडे लटकवले, रील टाकली. चाकं कशावर फिरणार याचा अजून पत्ता नसतो. महिनाभराने कळतं की निवडलेली मोटर चासीत बसत नाही. मग सुंदर केबिनला खालून भगदाड पाडायचं.

आधी माप ठरवा. 1:8 ला, म्हणजे खऱ्याच्या आठव्या हिश्शाला, अडीच मीटर रुंदीचा ट्रक 31 सेंटिमीटरचा होतो आणि खऱ्या ट्रकचा 10.00-20 मापाचा टायर साधारण 130 मिलिमीटर उंचीचा. तेवढी चाकं हातात आल्याशिवाय चासीला भोक पाडू नका. नुसती चासी, चाकं, मोटर, बॅटरी आणि वर विटा बांधून अर्धा तास चालवा. हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून तर कोणी करत नाही.

वजनाचं गणितही आधीच करायचं. 1.6 मिमीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेबारा किलो भरतो. दहाचाकीच्या हौद्याला पाऊण चौरस मीटर सहज लागतो, म्हणजे फाळके धरून नऊ-साडेनऊ किलो नुसता हौदा. तोच 5 मिमी सनबोर्डात दोन-अडीच किलोंत होतो. लोखंड चासीत आणि अ‍ॅक्सलमध्ये ठेवा, वर नको. ‘मजबूत पाहिजे’ म्हणून सगळं वेल्डिंग करणाऱ्यांचा ट्रक मजबूत असतोच; फक्त जागचा हलत नाही.

मोटर निवडताना लोक आरपीएम (मिनिटाचे फेरे) विचारतात, टॉर्क (पिळायची ताकद) विचारत नाहीत. खरा ट्रक ताशी 40 ने जातो असं धरलं तर 1:8 ला ताशी 5 किलोमीटर शोभतात. 130 मिमीच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला साधारण 200 फेरे लागतात. भाराखाली 6000 फेरे देणारी मोटर असेल तर गिअरचं एकूण रिडक्शन 30 ला 1. अठरा किलोचा ट्रक दहा टक्के चढावर न्यायचा तर चाकांवर मिळून सतरा-अठरा किलो-सेंटिमीटर टॉर्क लागतो. मोटरचा स्टॉल टॉर्क (अडकून थांबतानाचा), गिअरनंतरचा, त्याच्या तिप्पट-चौपट हवा. वायपर मोटर स्वस्त आणि ताकदवान आहे, पण तिच्यात वर्म गिअर असतो, जो चाकाकडून उलटा फिरत नाही. करंट तोडला की चाकं जागच्या जागी थांबतात आणि ट्रक नाकावर आपटतो. वापरायचीच तर वेग हळूहळू शून्यावर आणा.

आता करंट. इथे सगळ्यात जास्त पैसे जळतात. एका बावीस किलोच्या दहाचाकीचा प्रकार ऐका. दोन वायपर मोटरी, स्टेअरिंग वळवायला एमजी996आर सर्वो मोटर, रिसीव्हर (रिमोटचे हुकूम घेणारा) आणि सर्वो दोन्ही एकाच 7805 वर, म्हणजे 5 व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटर चिपवर, आणि मोटरींना हुकूम देणाऱ्या आर्डुइनो बोर्डाला वेगळी पॉवर बँक. अंगणात गाडी मस्त चालली. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका प्लॉटच्या उतारावर वळवताना सर्वो अडला. अडलेला सर्वो अडीच अँपिअरपर्यंत ओढतो. 7805 ची ऐपत एक-दीडची. व्होल्टेज पडलं, रिसीव्हर मेला, पण आर्डुइनो शेवटचा हुकूम धरून बसला. ट्रक थेट गटारीच्या काँक्रीटवर, पुढचा अ‍ॅक्सल वाकडा. मालकाने दोष रिमोटला दिला, नवा रिमोट घेतला आणि पुन्हा तेच झालं.

सर्वोला 6 व्होल्ट, 5 अँपिअरचा वेगळा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारं सर्किट) द्या. रिसीव्हर ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या) बीईसीवर चालू द्या. सर्वोची लाल वायर रिसीव्हरला न जोडता थेट नव्या बीईसीला, आणि सगळ्यांची काळी एकत्र. एवढ्या वजनाला सर्वो 25 किलो-सेंटिमीटरच्या खालचा नको, आणि उभ्या गाडीचं स्टेअरिंग पिळायची सवय सोडा. फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय) लावा आणि तपासा: चाकं विटांवर उचलून थ्रॉटल द्या, रिमोट बंद करा, चाकं थांबली नाहीत तर ट्रक घराबाहेर काढायचा नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत 30 अँपिअरचा ब्लेड फ्यूज. गाड्यांच्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो. मेन लाईनला अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर. आणि एल298एन हा मोटर ड्रायव्हर या कामाला चालत नाही. दोन अँपिअरचा चिप तो, वर दोन व्होल्ट स्वतःच खातो. ‘दोन जोडले तर?’ नाही.

पाटे (लीफ स्प्रिंग) हा दुसरा दुखरा विषय. पाट्याची दोन्ही टोकं बोल्टने आवळली की तो दबताना लांबायला जागाच उरत नाही. सस्पेन्शन दिसतं, पण हलत नाही, आणि खड्ड्यात एक चाक हवेत. पुढचं टोक पिनवर, मागचं शॅकलमध्ये (झुलणाऱ्या कडीत). हॅक्सॉचं कडक ब्लेड नको, ते काडकन तुटतं. मालाच्या गाठींना बांधतात ती अर्धा मिलिमीटरची पोलादी पट्टी आपल्या सोलापुरात भंगारात सापडते. पत्र्याच्या कात्रीने उभी कापून दहा मिमी रुंद करा, मेन पाटा 170, खाली 130 आणि 90 मिमी. वाक हाताने द्या. गरम केलं की पट्टीचा ताव जातो. पूर्ण वजन टाकल्यावरही मेन पाट्यात थोडी कमान राहिली पाहिजे. सपाट झाला तर एक पाटा वाढवा.

बाकीच्या चुका चटकन:

प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत नसतील तर गाडी थरथरते. ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) ढिला करून योक फिरवा.

स्टेअरिंग आर्म सरळ ठेवू नका. त्यांच्या रेषा वाढवल्या तर दोन मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध मिळाल्या पाहिजेत, नाहीतर वळणावर आतलं चाक घासतं.

ग्लू गनचा गोंद मे महिन्याच्या उन्हात मऊ पडतो. पीएलए प्लास्टिकचे 3डी-प्रिंट केलेले भाग साठ अंशांच्या आसपास मऊ पडतात, म्हणजे उन्हातल्या बंद कारमध्ये ठेवले की वाकडे. लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) तर त्या कारमध्ये अजिबात नको. उन्हातून आणलेली बॅटरी गार झाल्याशिवाय चार्जला लावू नका, आणि आठवडाभर पडून राहणार असेल तर प्रत्येक सेलला 3.8 व्होल्टवर ठेवा. 12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड असेल तर उलटं: चालवून आणली की त्याच रात्री चार्जिंग.