व्हील बेअरिंग बदलताना गंजलेले भाग निघत नाहीत? या चुका टाळा

किनाऱ्यावरच्या गाडीचं व्हील बेअरिंग बदलणं आणि पुण्यातल्या गाडीचं बदलणं, ही दोन वेगळी कामं आहेत. हत्यारं तीच, रीतही तीच. पण दापोली-गुहागरकडचा खारा वारा, रत्नागिरीचा ३००० मिलिमीटरच्या वर जाणारा पाऊस आणि पुळणीवर गाडी घालायची हौस, यामुळे चाक फिरवणारा शाफ्ट हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि बेअरिंग नकलमध्ये (knuckle, म्हणजे बेअरिंग धरून ठेवणारा जाड भाग) गंजून गच्च बसतं. मग माणूस घण उचलतो, आणि बहुतेक नुकसान तिथंच होतं.

गाडी जॅकवर चढवून शाफ्टच्या टोकावरच्या एक्सल नटाला लांब पाइप लावून हिसके देणं, ही सगळ्यात धोक्याची चूक. पावसाळ्यात अंगणाची माती भिजलेली असते, जॅक रुततो. नट आधीच, गाडी जमिनीवर असताना सैल करा: हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, मधलं झाकण काढून सॉकेट घाला. चाकातून सॉकेट आत जात नसेल, तर गाडी स्टँडवर पक्की ठेवून दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. जॅकखाली जाड फळी हवीच. बऱ्याच गाड्यांत नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकलेली असते. ती छिन्नीनं उचलल्याशिवाय पाना फिरवला, तर शाफ्टचे आटे जातात. हा नट परत वापरू नये, नवाच घ्यावा.

तेलाचा फवारा मारला आणि लगेच पाना लावला, असंही करू नका. आधी तारेच्या ब्रशनं चिखल आणि मिठाचा थर काढा, मग आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग तेल सोडा, सकाळी पुन्हा सोडा. डिस्क आणि पॅडवर थेंबही जाऊ देऊ नका. बोल्ट हलत नसेल, तर किंचित आवळून पाहा, मग सोडवा, परत आवळा. गंज असा हळूहळू तुटतो.

शाफ्ट हबमधून निघत नसेल, तर त्याच्या टोकावर उघडा हातोडा मारू नका. टोक पसरतं आणि नवा नट चढत नाही. जुना नट टोकाच्या पातळीपर्यंत फिरवून लाकडाच्या ठोकळ्यावरून मारा, किंवा पुलर (स्क्रूच्या जोरावर भाग वेगळे करणारं हत्यार) लावा. पुलर ताणून थोडा वेळ तसाच सोडला, की बरेचदा शाफ्ट आपोआप सुटतो. मला घणापेक्षा हा संयमच जास्त भरवशाचा वाटतो.

उष्णता द्यायची, तर बाहेरच्या भागाला, म्हणजे नकलला द्या. नकल ॲल्युमिनियमची असेल तर काम सोपं, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पण ज्योत एबीएस सेन्सरच्या (चाकाचा वेग मोजणाऱ्या) वायरीजवळ, शाफ्टच्या रबरी बूटाजवळ किंवा ब्रेकच्या नळीजवळ नेऊ नका. आणि तेल पुसून टाकल्याशिवाय तर नकोच. अडकलेला सेन्सर वायरीला धरून ओढू नका, पुढेमागे हळू फिरवत काढा.

हब ओढून काढला, की बेअरिंगची आतली रेस, म्हणजे आतली कडी, बहुधा हबवरच चिकटून येते. घाबरू नका. पुलरला दाद देत नसेल, तर ग्राइंडरनं रेसमध्ये तिरकी खाच करा, अगदी हबपर्यंत न जाता थांबा आणि खाचेत छिन्नीचा एक ठोका द्या. रेस तडकते. हबच्या पृष्ठभागाला चरा गेला, तर नवी रेस नीट बसणार नाही. रेसचं पोलाद कडक असतं, तुकडा उडतो, म्हणून गॉगल हवाच.

नकलमधून बेअरिंग दाबून काढण्याआधी सर्कलिप (बेअरिंग जागेवर अडवून धरणारी स्प्रिंगची कडी) निघाली का, हे एकदा पाहा. ती आत राहून प्रेस (दाबयंत्र) लावला, तर नकलच बाद होते. घरी प्रेस नसेल, तर नकल सोडवून जवळच्या लेथवाल्याकडे न्या.

नवं बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर द्या. हब बसवताना मात्र आधार आतल्या रेसला हवा. सेन्सरसाठी चुंबकीय रिंग असलेल्या बेअरिंगला हातोडा लावू नका, आणि ती रिंग सेन्सरच्या बाजूलाच आहे ना, ते दाबण्याआधी पाहा.