डी३ शिकायचंय? आधी कांद्याचे भाव घेऊन बसा

वेबवर चार्ट करायला शिकायचंय, कुठून सुरू करू, हे हल्ली बरीच पोरं विचारतात म्हणून एकदाच सविस्तर टाईप करतोय. मी निफाड तालुक्यातला, बीसीएस नाशिकला केलं, सिडकोत रूम करून राहायचो, आणि आता डॅशबोर्ड (एकाच पानावर चार्ट आणि आकडे) बनवायचं काम करतो.

कॉलेज रोडला एक क्लास लावलेला. दोन महिन्यांत बार, पाय, डोनट सगळं झालं, रंगीत, हलणारं. पण डेटा कायम ए, बी, सी आणि १०, २०, ३०. मग स्वतःचं काहीतरी काढू म्हणून बसलो तर एक रेघ धड येईना.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आप्पा रोजच्यासारखे मोबाईलवर लासलगावचा भाव बघत होते. म्हटलं हाच घेऊ. राज्याच्या पणन मंडळाच्या साईटवर रोजची आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असं सगळं मिळतं, क्विंटलमागे रुपयांत. ते २०२३ पासूनचं गोळा करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाईल) केली आणि डी३ने रेघ काढायला घेतली. (डी३ म्हणजे माइक बोस्टॉक आणि स्टॅनफर्डमधल्या त्याच्या सोबत्यांनी २०११ मध्ये आणलेली जावास्क्रिप्टची लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच. ती तयार चार्ट देत नाही, चार्टचे सुटे भाग देते, म्हणूनच सुरुवातीला डोकं फिरतं.)

पहिल्याच दिवशी काही दिसेना. एचटीएमएल फाईल डबल क्लिक करून उघडली होती, आणि ब्राउझर अशा फाईलमधून शेजारची सीएसव्ही वाचू देत नाही, त्याला लोकल सर्व्हर, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरून पान देणारा प्रोग्रॅम, लागतो. व्हीएस कोड या एडिटरमधलं लाईव्ह सर्व्हर टाकलं की दोन मिनिटांचं काम, पण माझी अख्खी संध्याकाळ गेली कारण ब्राउझरचा कन्सोल, जिथे एरर दिसतात, तो उघडायची सवयच नव्हती. ती आधी लावा.

मग रेघ आली पण वरून कापलेली. भाव ४००० च्या वर गेलेला आणि अक्ष संपतोय ९५० वर! सीएसव्हीतून आलेला प्रत्येक आकडा हा आकडा नसतो, मजकूर असतो, आणि मजकूर म्हणून तुलना केली की ९ हे ४ पेक्षा मोठं, त्यामुळे ९५० हा ४००० ला हरवतो. आकड्यात बदलायला पुढे प्लसचं चिन्ह लावलं आणि खूश झालो, ते प्लसही पुढे नडलं, सांगतो.

तारखांचीही तीच गत. ०३/०४/२०२३ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, जावास्क्रिप्टला ४ मार्च. आणि १३ तारखेपासून पुढे तर तारीखच नाही म्हणते, कारण तेरावा महिना नसतो. डी३चं टाईमपार्स (मजकुरातून तारीख वाचणारं फंक्शन) वापरून आधी दिवस, मग महिना असं सांगावंच लागतं.

आता स्केल. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे समजून घ्या. डोमेन म्हणजे तुमच्या डेटाची हद्द, इथे ० ते ५००० रुपये. रेंज म्हणजे स्क्रीनवरची जागा, समजा ४०० पिक्सेल. स्केल एवढंच सांगतो की २५०० रुपये कुठल्या पिक्सेलवर पडणार. गंमत अशी की एसव्हीजीत (डी३ ज्यात रेघा काढतं तो वेबवरच्या चित्रांचा प्रकार) शून्य वरच्या कोपऱ्यात असतं आणि वाय खाली वाढत जातो, त्यामुळे रेंज ४०० ते ० अशी उलटी द्यायची. मी सरळ दिली होती. भाव चढला की रेघ खाली.

तर असा तो चार्ट आप्पांना दाखवला. त्यांनी बोट ठेवून पहिला प्रश्न विचारला, "या दिवशी भाव शून्य झाला होता काय रे?"

हे ते प्लस. तारखा सलग दिसाव्यात म्हणून मी बंदच्या दिवशी रिकाम्या ओळी टाकल्या होत्या, आणि रिकाम्या मजकुराला प्लस लावला की जावास्क्रिप्ट शून्य देते, एरर नाही, काही नाही, गपचूप शून्य. मग त्या ओळी काढून टाकल्या, तर रेघ बंदच्या दिवसांवरून सरळ पूल बांधून पुढे गेली. २० सप्टेंबर २०२३ पासून व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते तिथेही मस्त सरळ रेघ, जणू रोज बाजार भरत होता. हे तर शून्यापेक्षा वाईट, कारण खोटं आहे हे कळतसुद्धा नाही. शेवटी रिकाम्या जागी नल (म्हणजे इथे आकडाच नाही) ठेवलं, लाईनला डिफाईन्ड (कुठे रेघ काढायची ते ठरवणारी अट) लावून तिथे रेघ तोडली, आणि रविवारमुळे दर आठवड्याला तुकडे पडायला लागले म्हणून तीन दिवसांपेक्षा जास्त बंद असेल तरच तोडायची असं ठरवलं. हे तीन दिवस माझ्या मनाचे आहेत, तुम्ही तुमच्या डेटाप्रमाणे ठरवा.

दुसरा प्रश्न जास्त लागला. "सर्वसाधारण दर कोणाला मिळतो? आपल्याला मागच्या वेळी किती पडला, माहितीये ना?" खरंय की. एकाच दिवशी किमान आणि कमाल यात जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि मी मधली एक रेघ काढून मोकळा झालो होतो. मग डी३चा एरिया (दोन रेघांमधली जागा भरणारा भाग) घेऊन किमान ते कमाल असा फिका पट्टा भरला, रेघ त्याच्यावर. त्यात तीन उभ्या खुणा केल्या, १९ ऑगस्ट २०२३ निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ७ डिसेंबर २०२३ निर्यातबंदीची अधिसूचना, ४ मे २०२४ बंदी उठली. कोणी न सांगता आप्पा तो चार्ट वाचायला लागले.

टूलटिप (रेघेवर नेलं की त्या दिवसाचे आकडे दाखवणारी चौकट) मात्र त्यांच्या फोनवर चालेना. मी माऊस फिरवून टेस्ट केलेलं, फोनला माऊस कुठंय? माऊस आणि बोट दोन्ही ओळखणारे पॉइंटर इव्हेंट लावले तर चौकट बोटाखालीच उघडायची, म्हणून आकडे वर एका जागी पक्के लिहिले. आणि आकडे मराठीत हवे असतील तर जावास्क्रिप्टच्या टू-लोकेल-स्ट्रिंगला एमआर-आयएन (मराठीचा कोड) द्या, ४,५०० असं देवनागरीत येतं.

कुठली लायब्ररी, यावर फार वेळ घालवू नका. साधा बार किंवा लाईन उद्या सकाळी द्यायचा असेल तर चार्ट डॉट जेएस, ती तयार चार्ट देते, तासाभरात होतो. असा पट्टा, खुणा, तुटलेली रेघ मनासारखी हवी असेल तर डी३. ठिपके हजारोंनी झाले की एसव्हीजी जड पडतं, तेव्हा कॅनव्हास, त्यात प्रत्येक ठिपका वेगळा न ठेवता थेट पिक्सेल रंगवतात. थ्रीडी पाय चार्ट वगैरे कोणी मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा, मी म्हणतो.

नोकरीचं विचारता म्हणून, पहिल्या इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट कोणी बघितलं नाही, गिटहब पेजेसवर (वेबपान ठेवायची जागा) फुकट टाकलेला हा चार्ट उघडला आणि इथे रेघ का तुटलीये एवढंच विचारलं. त्यावर वीस मिनिटं बोललो.

सध्या पिंपळगावचा भावही टाकतोय. दोन पट्टे एकावर एक आले की नुसता चिखल होतो, म्हणून दोन चार्ट एकाखाली एक ठेवलेत. असं कराल तेव्हा दोघांचा वाय डोमेन एकच ठेवा, मी आधी वेगळा ठेवला होता आणि आप्पा दोन दिवस पिंपळगावला गाडी न्यायचं म्हणत होते.