की-सायनिंगला निघण्याआधी

डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचं डेव्हलपर व्हायचं तर तुमच्या जीपीजी कीवर, म्हणजे तुमची डिजिटल ओळख पटवणाऱ्या किल्लीवर, सहसा आधीच्या डेव्हलपरांच्या सह्या लागतात. त्या समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहून मिळतात; यालाच की-सायनिंग म्हणतात. म्हणून निदान आठवडाभर आधी कीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव शेजारी ठेवून वाचा. आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, कीवर नुसतं नाव-आडनाव. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं. एका कागदावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’, दुसऱ्यावर दोन. समोरच्या ब्राझिलियन माणसाला हे कुठून कळणार? पासपोर्टप्रमाणे नाव असलेला यूजर आयडी (नाव-ईमेलची नोंद) कीत आधीच जोडा. आधार कार्ड परदेशी माणसाला ओळखता येत नाही, शिवाय त्यावरचा नंबर दहा जणांपुढे फिरवू नये. पासपोर्ट दाखवा, फोटो मात्र काढू देऊ नका.

कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे ती ओळखायचा कोड, 40 अक्षरी असतो. तो स्वतःच्या मशीनवरून छापून तिथे वाटायला तीसेक चिठ्ठ्या कापून ठेवा. प्रायव्हेट की, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली, घरीच राहू द्या. सही करायला तिथे लॅपटॉप उघडायचाच नाही.

आणि पेन घ्या, कारण तुम्हालाही इतरांना तपासायचंय. 2006 साली मेक्सिकोतल्या डेबकॉन्फमध्ये (डेबियनच्या वार्षिक संमेलनात) एका डेव्हलपरने कुठल्याच सरकारने न दिलेलं ओळखपत्र मुद्दाम दाखवून पाहिलं, आणि अनेकांनी ते चालवून घेतलं. रांग लांब असली की असं होतं. फोटो, नाव, मुदत नीट पाहा. कुणाला राग आला तरी चालेल. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ पॅचेस (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवून विश्वास कमावला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये बॅकडोर, म्हणजे चोरवाट, घुसवला. 29 मार्च 2024 ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो उघड केला. त्या नावामागे खरं कोण होतं हे आजही जाहीर नाही. पासपोर्टवरून मनातला हेतू वाचता येत नाही, हे मला मान्य आहे. पण निदान कोणत्या माणसाला जाब विचारायचा, एवढं तरी कळावं.

ज्यांची खात्री पटली त्यांच्या चिठ्ठीवर तिथल्या तिथे खूण करा. घरी आल्यावर आठवडाभरात चाळीसच्या चाळीस अक्षरं जुळवा, सही करा आणि कॅफ हा त्यासाठीचा प्रोग्रॅम वापरून ती त्यांच्या ईमेलवर एन्क्रिप्ट करून पाठवा. म्हणजे तो पत्ता त्यांचाच आहे हेही तपासलं जातं. खूण नसलेल्या चिठ्ठ्या फाडून टाका.